दिसला का?

लग्नाला कितीही वर्षं झालेली असोत, बायकोनं नदीकाठी उभं राहून ‘दिसला का?’ असं विचारलं की नवऱ्यापाशी दोनच उत्तरं असतात आणि दोन्ही महागात पडतात. ‘हो’ म्हटलं तर लगेच उलटतपासणी: ‘मग पोटाचा रंग सांगा.’ ‘नाही’ म्हटलं तर विषय पक्ष्यावरून चष्म्याच्या नंबरावर, नंबरावरून एकूण लक्ष नसण्यावर आणि तिथून परवा बुक करायच्या राहिलेल्या गॅस सिलिंडरवर जातो. पक्षी तोवर कणकुंबीला पोचलेला असतो.

कणकुंबी म्हटलं, कारण आमची मलप्रभा तिथं उगम पावते. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचे. ही नदी तशी तऱ्हेवाईकच. पश्चिमेचा समुद्र उगमापासून एवढा जवळ, तरी ती पाठ फिरवून पूर्वेला निघते, सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थाच्या धरणात पसरते आणि ३०० किलोमीटरहून जास्त पायपीट करून कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. आमच्याच तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलातून निघणारी म्हादई मात्र सरळ गोव्याचा रस्ता धरते. शहाणी आहे. या दोघींच्या पाण्यावरून सरकारं कोर्टकचेऱ्या करतात, लवाद बसतात, २०१८ साली निवाडाही झाला. आमच्या घरात त्याच पाण्याच्या काठावर रोज सकाळी वेगळा वाद चालतो आणि त्याला लवादही मिळत नाही.

मूळ कारण माझी शुगर. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. ‘यांना एकटं सोडलं तर चहाच्या गाड्यापर्यंत चालतील आणि तिथंच बसतील,’ असा विश्वास दाखवून ही माझ्याबरोबर निघाली. माझ्या शुगरवर त्याचा काय परिणाम झाला हा भाग वेगळा, पण हिला नदीचा नाद लागला. आता पहाटे मलाच हलवून उठवलं जातं. घाटावरून निघायचं, काठाकाठानं कौलांच्या आणि विटांच्या भट्ट्यांकडं जायचं, रविवार असला तर असोग्याच्या रामलिंगेश्वरापर्यंत. वाटेत हिला सगळं दिसतं. खंड्या दिसतो, पाणकावळा दिसतो, शेवाळी दगडावर ऊन खात पडलेला विरोळा दिसतो, लोकांच्या कुंपणाबाहेर आलेली जास्वंदीची फांदी तर वळणाच्या आधीच दिसते. मला दिसते ती ही.

दोष माझ्या डोळ्यांचा नाही, हे मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून लिहून आणलं आहे. दोष आहे तो पत्ता सांगण्याच्या पद्धतीचा.

‘ते काय, तिथं!’

‘कुठं?’

‘अहो, त्या झाडावर की!’

मलप्रभेच्या काठावर करंज आहे, जांभूळ आहे, उंबर आहे, बांबूची बेटं आहेत. ‘कुठल्या झाडावर?’

‘ते पुरात गेलं नव्हं गेल्या साली, त्याच्या पलीकडच्या.’

म्हणजे मी आधी अस्तित्वात नसलेलं एक झाड शोधायचं, मग त्याच्या पलीकडं जायचं. बरं, बोटानं दाखवावं तर हात मोकळे नसतात. एका हातात ओच्यातली फुलं धरलेली, दुसऱ्या हातात वाटेत खुडलेल्या केन्या-कुरडूच्या भाजीची पिशवी. त्यामुळं दिशा हनुवटीनं दाखवली जाते. आमच्या हिची हनुवटी उचलली की एकाच वेळी आकाश, पैलतीर आणि रेल्वेचा पूल असे तिन्ही दाखवले जातात.

पक्षीनिरीक्षक मंडळी घड्याळाच्या काट्यांवरून दिशा सांगतात. समोर बारा, उजव्या हाताला तीन, डाव्या हाताला नऊ. मी तिला ही पद्धत समजावली आणि तिनं ती लगेच उचलली. दुसऱ्याच दिवशी पुलाजवळ ती ओरडली, ‘दहा वाजता! दहा वाजता!’ मी झटकन डावीकडं वळलो. तिकडं भट्टीचा धूर. नंतर कळलं की ते दहा तिच्या बाजूचे होते आणि ती माझ्याकडं तोंड करून उभी होती. मागून येणारे एक निवृत्त मास्तर मात्र थबकले आणि काळजीनं म्हणाले, ‘दहाला लाईट जाणार काय हो?’ त्यांनी ती बातमी गल्लीत सांगितली. त्या दिवशी आमच्या भागात साडेनऊलाच सगळ्यांच्या टाक्या भरून झाल्या होत्या.

मग भाच्यानं दुर्बीण दिली. आठ बाय बेचाळीसची. म्हणजे वस्तू आठपट मोठी दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. दुकानदार जे सांगत नाहीत ते असं, की वस्तू आठपट मोठी होते त्या मानानं जग लहान होतं. दुर्बिणीतून दिसतो तो एक गोल तुकडा. त्यात पक्षी असला तर ठीक, नाहीतर तुम्ही करंजाचं एक पान, त्याच्या शिरा आणि त्याला पडलेली भोकं अतिशय स्पष्ट बघत उभे राहता. मी तालुक्यातली बरीच पानं त्या प्रकारे बघितली आहेत. ही दुर्बीण घेत नाही. तिचं म्हणणं, ‘मला असंच दिसतंय, मग कशाला ते गळ्यात अडकवून घ्यायचं?’

एका बाबतीत तिचं नि माझं जमतं, ती म्हणजे ढोकरी. वंचक असंही म्हणतात, आणि ते नाव ज्यानं ठेवलं त्याला माझ्याआधी फसवण्यात आलं असणार. घाटाच्या पायऱ्यांपाशी, बायका धुणं आपटतात तिथून चार हातांवर, चिखलाच्या रंगाचा हा पक्षी मान खांद्यात घालून तासन् तास बसतो. आमच्या थोरल्या आत्या लग्नघरी कोपऱ्यात अशाच बसायच्या. बघणाऱ्याला वाटावं डुलकी लागली, पण ताटात कोणी काय टाकलं ते संध्याकाळी बरोबर सांगायच्या. ढोकरीचंही तेच. समोर चिंगळी हलली की मान अशी सुटते की नजर पोचायच्या आत मासा आत. मला बसलेली ढोकरी कधीच दिसत नाही. पण ती उडाली की तपकिरी अंगातून एकदम पांढरेशुभ्र पंख उघडतात, आणि तेव्हा मीही ठामपणे म्हणतो, ‘दिसला!’ हिच्या मते याला दिसणं म्हणत नाहीत, याला घालवणं म्हणतात.

भारद्वाजाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. त्याचं दर्शन शुभ. काळं अंग, विटकरी पंख, लालभडक डोळे, आणि उडण्याचा कंटाळा असल्यामुळं सदा जाळीत घुसलेला. आमच्याकडं जुने लोक त्याला कुंभारकावळा म्हणतात. ‘कुक् कुक् कुक्’ असा खोल आवाज आला की ही जागच्या जागी चपला काढून हात जोडते आणि पुटपुटते, ‘बघा लवकर, पोराचा इंटरव्ह्यू आहे.’ मी जाळीकडं बघतो. जाळी माझ्याकडं बघते. शेवटी मी असं ठरवलं की ही माझी अर्धांगी, तेव्हा तिनं घेतलेल्या दर्शनातलं निम्मं पुण्य कायद्यानंच माझ्या नावावर जमा होतं. पोराला नोकरी लागली, पण पहिले सहा महिने अर्ध्या पगारावर. हिनं माझ्याकडं नुसतं बघितलं.

उन्हाळ्यात नदी आटली की पात्रात गोट्यांची मैदानं उघडी पडतात. गेल्या चैत्रात तिथून जाताना हिनं माझी कॉलर मागून खेचली. ‘पाय उचलू नका!’ मी एका पायावर. खाली नुसते गोटे. राखाडी, मातकट, काळ्या ठिपक्यांचे. ‘चार आहेत,’ ती म्हणाली. मी गुडघ्यावर बसून अगदी वीतभर अंतरावरून बघितलं तेव्हा त्यातल्या चार गोट्यांना टोक आहे आणि चारही टोकं आत वळवून मांडलेली आहेत हे कळलं. टिटवीची अंडी. घरटं म्हणून काही नाही, नुसता एक खळगा आणि कडेला खडे. एवढ्यात टिटवी आली आणि टिटिव् टिटिव् करत तिनं माझ्या डोक्यावर जी झेप घेतली तीत माझी टोपी वाचली हे नशीब. हिच्या डोक्यावरून एकदाही नाही. आम्ही लांब जाऊन बसलो. थोड्या वेळानं टिटवी पाण्याकडं गेली, छाती-पोट भिजवून घेतलं आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर येऊन बसली. तापलेल्या गोट्यांत अंडी उकडू नयेत म्हणून ती असं करते. हे मात्र मी सगळं बघितलं, दुर्बिणीशिवाय, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. माझ्या हातात तेव्हा ती केन्याची पिशवी होती.

थंडीत एकदा गावात बातमी उठली, नदीत मगर आली. झालं. पुलावर सकाळ-संध्याकाळ जत्रा. ‘एन नोडाकत्तीरी सर?’ म्हणजे ‘काय बघताय सर?’ असं एकानं मला कन्नडमध्ये विचारलं आणि मी उत्तर द्यायच्या आत दुसऱ्यानंच त्याला सांगितलं, ‘मोसळी री, मोसळी!’ तिसरा म्हणाला, ‘सुसर हाय, सुसर. शेपूट हलवली आत्ता.’ १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाल्यापासून या पट्ट्यात दोन्ही भाषांचं एवढं एकमत मी कधी पाहिलं नव्हतं. आणि नवल म्हणजे मलाही ती दिसत होती! पाण्याच्या मध्यावर लांबलचक, काळी, खवल्याखवल्यांची. तिच्यावर एक लहानसा काळा-पांढरा पक्षी शेपटी खालीवर हलवत फिरत होता. एका जाणत्यानं सांगितलं की हाच तो मगरीचे दात कोरणारा पक्षी. मी आनंदानं हिला पुढं ओढलं.

तिनं एकदाच बघितलं. ‘तो धोबी आहे,’ ती म्हणाली, ‘आणि ते लाकूड आहे.’

पुलावर शांतता पसरली. लोकांनी माझ्याकडं असं बघितलं की मीच घरून लाकूड आणून टाकलं असावं. एकजण म्हणाला, ‘मामा, काकूंना चष्मा लागलाय काय?’ हा प्रश्न मला कोणीतरी हिच्याविषयी विचारावा यासाठी मी किती काळ थांबलो होतो, पण तो आला तो नेमका अशा वेळी. पुढच्या पावसानंतर पाणी वाढलं, ‘मगर’ फिरली आणि तिच्या पोटाकडून फांदीचं खोड बाहेर आलं. त्यावरही काहींचं मत असं की खरी मगर आधीच निघून गेली होती.

आमच्या तालुक्यात अस्वलं आहेत, हत्ती येऊन भात तुडवून जातात, भीमगडला २०११ साली अभयारण्य झालं, तिथल्या बारापेडेच्या गुहांत राहणारी वटवाघळं तर जगात फार थोड्या ठिकाणी आढळतात. त्या वटवाघळांचं नाव घरात निघालं की मला जरा बरं वाटतं. ती हिलाही दिसलेली नाहीत.

आता गव्याचं सांगतो, कारण गावात जे पसरलं आहे ते निम्मंच आहे.

धुक्याची सकाळ. भात कापून झालेलं, शेतं मोकळी, पलीकडं उसाचा फड. ही बांधाला वाकून भाजी खुडत होती, म्हणजे निसर्गानं क्षणभर तिचे डोळे माझ्यावरून आणि बाकी सगळ्यावरून काढून घेतले होते. मी सहज समोर बघितलं. धुक्यात एक काळा डोंगर उभा. मला वाटलं म्हैस. मग लक्षात आलं, म्हशीच्या पाठीवर एवढा उंचवटा नसतो. आणि चारही पाय गुडघ्यापासून खाली पांढरे, शाळेचे मोजे ओढून घेतलेले. गवा! मोठा नर टनाच्या घरात जातो म्हणतात. हा गेलेला असावा.

‘ते काय,’ मी कुजबुजलो, ‘तिथं!’

‘कुठं?’ हिनं मान वर केली आणि भलतीकडंच बघितलं. ‘कुठं हो?’

या प्रश्नासाठी मी आयुष्यभर तयारी केली होती. घड्याळाचे काटे, अंतर, उंची, सगळं. तोंडातून एक शब्द फुटेना. शेवटी निघालं ते असं, ‘ते गेल्या साली पुरात गेलं नव्हं, त्याच्या पलीकडं!’

तिला क्षणात दिसला.

‘अगंबाई!’ म्हणून तिनं भाजीची पिशवी माझ्या हातात कोंबली आणि माझ्या मागं उभी राहिली. गव्यानं आमच्याकडं बघितलं, नाकातून फुस्स केलं, आणि घाई अजिबात न करता उसात शिरला. एवढा प्रचंड प्राणी, पण ऊस फक्त थोडासा हलला. तेवढ्यात दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल थांबली. ‘काय बघायलाय हो मामा?’ मी तोंड उघडलं. मागून आवाज आला, ‘गवा! आत्ता दिसला मला. हे आपले म्हैस म्हैस करत होते.’

दूधवाला गावभर फिरतो. आम्ही घाटावर पोचेपर्यंत गवे दोन झाले होते, मारुतीच्या देवळाशी येईपर्यंत एक पिल्लूही जन्माला आलं होतं. घरी चहा टाकतोय तोच शेजारचे तात्या कुंपणावरून वाकले.

‘वैनींना गवा दिसला म्हणे! धाडसाची बाई हो. तुम्ही आज फिरायला गेला नव्हता काय?’