‘रोज हालोल’ यांना: डिझेल, पुरात बुडालेल्या गाड्या आणि माझी एक चूक

नमस्कार. तुम्ही नावाच्या जागी नुसतं ‘रोज हालोल’ लिहिलंय, तर मीही तसंच म्हणतो.

जुनी गाडी कशी घ्यावी यावरचं माझं टिपण तुम्हाला पटलं नाही. तुमचे आक्षेप तीन. रोज ८४ किलोमीटर जाणाऱ्याला पेट्रोल गाडी सुचवणं म्हणजे त्याचा खिसा कापणं. कंपनीच्या प्रमाणित गाड्या सोडून ‘ओळखीतल्या काकांची गाडी बघा’ असं सांगणं बेजबाबदारपणाचं. आणि सुरक्षिततेबद्दल मी चकार शब्द काढला नाही. शेवटी जाता जाता लिहिलंत की दिल्ली पासिंगची २०१६ ची डिझेल डिझायर, ६२,००० किलोमीटर चाललेली, दोन लाख नव्वद हजारांत मिळतेय, तुमचं बजेट साडेतीन लाख आहे, आणि ‘तुमचं ऐकलं तर ही हातची जाईल’. खरं सांगायचं तर या शेवटच्या ओळीमुळेच एवढं लांबलचक उत्तर लिहायला बसलोय.

आधी पेट्रोलचं. इथे तुमचंच बरोबर आहे. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर मीच होतो: बडोद्यातल्या डांडिया बाजारातून मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, जाऊन-येऊन अठरा-वीस किलोमीटर. बडोद्यातून हालोल, सावली, नंदेसरीला रोज जाणारे शेकड्यांनी आहेत हे ठाऊक असूनही ते लिहिताना सुचलं नाही. तुमचा हिशेब मांडू. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर वर्षाला साधारण २५,००० किलोमीटर. जुन्या पेट्रोल गाडीचं अ‍ॅव्हरेज १७ धरलं आणि पेट्रोल ९५ रुपये, तर वर्षाला जवळपास १ लाख ४० हजार. डिझेलला २१ चं अ‍ॅव्हरेज आणि लिटरला ९० रुपये धरले, तर १ लाख ७ हजार. म्हणजे वर्षाला तीसेक हजार वाचतात. शिवाय २०२३ च्या आधीच्या बहुतेक पेट्रोल गाड्या आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेल्या नाहीत. नीती आयोगाच्याच २०२१ च्या आराखड्यात अशा चारचाकींचं अ‍ॅव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असं म्हटलं होतं. तेव्हा १७ हा आकडाही मी जरा उदार हातानेच धरलाय. एवढं सगळं मान्य.

पण म्हणून डिझेल? इथे मी अडतो.

डिझायरचं ते १२४८ सीसीचं इंजिन मूळ फियाटचं, दणकट, मला स्वतःला फार आवडतं. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या विकणं बंद केलं. त्यामुळे बाजारातली मारुतीची कुठलीही डिझेल गाडी आता वयस्करच असणार. आता विचार करा, त्या काळात डिझेल कोण घ्यायचं? पेट्रोलपेक्षा लाखभर रुपये जास्त मोजून डिझेल घेणारा माणूस गाडी पळवायलाच घ्यायचा. कंपनीचा सेल्समन, टूरवाला, तुमच्यासारखा रोज ऐंशी किलोमीटर जाणारा. मग वर्षाला सहा-साडेसहा हजार किलोमीटरच चालवायचं होतं, तर या दिल्लीच्या गृहस्थाने डिझेल घेतली कशाला? असतीलही अशी माणसं. हौसेला मोल नसतं. पण या प्रश्नाचं उत्तर विकणाऱ्याच्या तोंडून ऐका, आणि उत्तर देताना तो मीटरकडे बघतो की तुमच्याकडे, तेही बघा.

मीटर मागे करणं हे आजकाल लॅपटॉप लावून अर्ध्या तासाचं काम आहे. रबर मात्र मागे करता येत नाही. ब्रेकच्या पायपट्टीचं रबर बघा: ६२,००० ला त्यावरच्या रेघा दिसायला हव्यात. उजव्या कडेला रबर गुळगुळीत होऊन लोखंड डोकावत असेल, तर गाडी दीड-दोन लाखांच्या पुढे गेलेली समजा. पायपट्टी कोरी करकरीत नवी असेल तर ती का बदलली, हे विचारा. मग टायर. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ६२,००० किलोमीटरला टायरचा फार तर दुसरा संच असतो. डिकीतली स्टेपनी कधीची, पुढचे कधीचे, मागचे कधीचे हे कागदावर लिहा, गोष्ट आपोआप उलगडते. आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरावरून जुन्या सर्व्हिसिंगच्या नोंदी मिळतात, मालकाला सोबत घेऊन गेलात तर नाही म्हणत नाहीत.

समजा मीटर खरं निघालं. तरीही इतक्या जुन्या डिझेलचा टर्बो आणि इंजेक्टर हे इंजिनाचे महागडे भाग एकाच वर्षात खराब झाले, की तुमचे वाचलेले तीस हजार तिथेच धुऊन गेले, वर चार दिवस गाडी गॅरेजात आणि तुम्ही एसटीत. रोजच्या गाडीला माझा पहिला प्रश्न ‘किती देते’ हा नसतो, ‘किती दिवस उभी राहते’ हा असतो.

तुमच्या ८४ किलोमीटरला मी सीएनजी म्हणेन, तेही कंपनीने बसवलेलंच. किलोमागे २४ किलोमीटर आणि किलोचा दर ८० रुपये धरा: वर्षाला ८३-८४ हजार. डिझेलच्याही खाली. आरसी बुकात इंधनाच्या रकान्यात पेट्रोल आणि सीएनजी दोन्ही लिहिलेलं हवं, आणि सिलिंडरवरच्या पट्टीवर तपासणीची तारीख. ही तपासणी दर तीन वर्षांनी करावीच लागते, आणि जुन्या गाड्यांचे मालक नेमकी हीच टाळतात. तोटे? डिकी गेली. पंपावरची रांग. चढावर जरा जीव जातो. पण हालोलच्या रस्त्यात चढ तो किती? पावागडावर थोडीच चढवायचीय गाडी.

आता काकांचं. तुम्ही म्हणता प्रमाणित गाडीची तपासणी झालेली असते, वॉरंटी असते. असते, आणि पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याला तो आधार मोठा आहे, हे मी लिहायला हवं होतं. पण मी असा का घाबरतो ते सांगतो.

३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला. त्यानंतर सात-आठ महिन्यांनी मी एका दुकानातून हॅचबॅक घेतली. दुकानाचं नाव लिहीत नाही. पांढरी, चकचकीत, आत लिंबाच्या वासाची डबी लटकवलेली. ‘साहेब, जोवानुं ज नथी, टनाटन छे!’ बघायचंच काम नाही म्हणे. मीही पाहिलं नाही. पहिला उन्हाळा झकास गेला. पाऊस सुरू झाला तशी डाव्या दाराची काच आपोआप खाली यायला लागली. मग एअरबॅगचा दिवा लागला तो विझेना. मग एका संध्याकाळी पावागडहून परतताना जरोदजवळ गाडी जी बंद पडली ती बंदच. आई मागे बसलेली, बाहेर धो धो, आणि हॉर्न मात्र कुणी हात न लावता वाजतोय.

प्रतापनगरच्या मिस्त्रीने इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही. मागच्या सीटचा पट्टा धरला आणि ओढत गेला, ओढत गेला, अगदी शेवटपर्यंत. शेवटची वीतभर पट्टी तपकिरी होती. वर करडी, खाली तपकिरी, आणि मधली सीमा पट्टीने आखल्यासारखी सरळ. त्याने नखाने खरवडलं तर वाळलेला गाळ भुरभुरला. ‘आ तो नाहीने आवेली छे,’ म्हणाला. आंघोळ करून आलेली! मग पायाखालचा गालिचा उचलला, वायरिंगचा एक जोड उपसला. आतल्या पितळी टाचण्यांवर हिरवा थर, पितळेचं भांडं आंबट ताकात राहिल्यावर धरतं तसा. इंजिन ठीकच होतं. वायरिंग मात्र आतून सडत चाललेलं. शांपूने सीट स्वच्छ होते, पट्ट्याचं ते शेवटचं टोक कुणी धूत नाही.

ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा तुम्ही इथेच असाल. अकोटा, मुजमहुडा, वडसर, समा. तळघरांत उभ्या गाड्यांची छतं तेवढी दिसत होती. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या रकमेच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते आणि तो सांगाडा भंगार म्हणून विकला जातो. त्यातल्या काही गाड्या पुन्हा उभ्या राहतात आणि कुठल्यातरी दुकानात लिंबाच्या वासासकट येतात.

काका मला हवेत ते यासाठी. काका सत्यवचनी असतात असं माझं म्हणणं नाही. पण त्यांची गाडी त्या आठवड्यात कुठे उभी होती, हे वॉचमनला विचारता येतं. काका मुजमहुड्याचे आणि पार्किंग तळघरात असेल, तर काकांनाही रामराम. आणि गाडी कुणाचीही असो, विम्याच्या मागच्या तीन वर्षांच्या पॉलिस्या मागा. त्यात ‘नो क्लेम बोनस’चा, म्हणजे वर्षभर क्लेम न केल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीचा टक्का असतो. २० वरून २५, ३५ असा चढत गेलेला टक्का २०२४ च्या पुरानंतर एकदम शून्यावर आलेला दिसला, तर क्लेम कशाचा, हे विचारल्याशिवाय चहाही घेऊ नका.

सुरक्षिततेवर तुमचं म्हणणं निमूटपणे ऐकतो. चूक झाली. निदान एवढं लिहायला हवं होतं: ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या मोटारींना जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, त्याआधीच्या स्वस्त मॉडेलांत ती नसूही शकते. एबीएसचंही (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) तसंच. हायवेला रोज जाणाऱ्याने दोन्ही नसलेली गाडी फुकटातही घेऊ नये. आणि सीएनजी म्हटलं की सगळे वॅगनआरकडे धावतात, पण तिला ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०२३ च्या धडक-चाचणीत पाचपैकी एकच तारा मिळाला. टियागोला २०२० मध्ये चार मिळाले होते, ती सीएनजीत आली २०२२ मध्ये. मात्र ती तुमच्या साडेतीन लाखांत बसवणं कठीण. थोडं थांबून पैसे जमवता आले तर मी थांबेन. घासाघीस मात्र जोरात करा: सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, पण जुन्यावाले अजून आधीच्याच किमती मनात धरून बसलेले असतात.

राहिली तुमची दिल्लीवाली. ती स्वस्त का, हे तर उघड आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली. पुढे त्यात फेरफार झाले, पण त्या धास्तीने मालक गाड्या बाहेर काढतात. त्यात गैर काही नाही. फक्त दोन लाख नव्वद हजार ही पूर्ण किंमत नव्हे. दिल्ली आरटीओची एनओसी म्हणजे ना-हरकत पत्र, कर्ज असेल तर ते फिटल्याचं बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, इथला रोड टॅक्स, मग बडोद्याचा जीजे-०६ चा नंबर. हे सगळं ‘पछी करी दईशुं’, नंतर करून देऊ, म्हणणाऱ्या दलालाला टोकन देऊ नका. एनओसी हातात, मग पैसे.

बघायला जाणारच असाल तर रविवारी सकाळी जा, आणि ‘आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका’ असं आदल्या रात्री फोन करून सांगा. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. कोमट लागलं तर तिथूनच परत फिरा, गार असेल तर सुरू करून धूर बघा. मी त्या दिवशी मोकळा आहे. टॉर्च माझ्याकडे आहे, मिस्त्रीला विचारून ठेवतो. मागच्या सीटचा पट्टा तेवढा मला ओढू द्या.