माराकानात या वेळी बायका खेळणार आहेत

16 ऑगस्ट 2016 ची रात्र माझ्या मनातून जात नाही. रिओ ऑलिंपिक, महिला फुटबॉलचा उपांत्य सामना, ब्राझील विरुद्ध स्वीडन. रिओचं माराकाना मैदान खच्चून भरलेलं. 120 मिनिटांत एकही गोल नाही आणि पेनल्टीत 4-3 ने ब्राझील बाहेर. मी टीव्हीसमोर रडले. त्याच दिवसांत एका मुलाचा फोटो जगभर फिरला होता. जर्सीवरचं पुरुष संघाच्या नेमारचं नाव खोडून खाली हाताने 'मार्ता' लिहिलेलं, म्हणजे महिला संघाच्या स्टारचं नाव.

आता 24 जून ते 25 जुलै 2027 महिला फुटबॉल विश्वचषक ब्राझीलमध्ये होतोय. दक्षिण अमेरिकेत पहिल्यांदाच. आठ मैदानांत माराकानाही आहे, त्यामुळे तयारीची चर्चा सुरू आहे. मला मात्र गवत आणि दिव्यांच्या पलीकडचं बोलायचंय.

माराकाना 1950 साली खुलं झालं, तेव्हा ब्राझीलमध्ये बायकांनी फुटबॉल खेळणं बेकायदा होतं. 1941 च्या हुकूमनाम्यात म्हटलं होतं की, स्त्रीच्या प्रकृतीला न मानवणारे खेळ तिने खेळू नयेत. 1965 मध्ये तर फुटबॉलचं नाव घेऊन बंदी घातली. ती उठली 1979 मध्ये. म्हणजे पहिली 29 वर्षं जगातलं हे सगळ्यात लाडकं मैदान देशातल्या निम्म्या माणसांना खेळायला बंदच होतं! त्या काळात चोरून खेळलेल्या बायका आज आज्या झाल्या असतील. पहिल्या सामन्याला सगळ्यात पुढच्या खुर्च्या त्यांच्या असायला हव्यात, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट तिकिटांची. माराकानात पूर्वी 'जेराल' होतं. मैदानाला लागून, उभ्याने बघायची स्वस्त जागा. तिथून खेळ धड दिसायचा नाही, पण गरीब माणूस आत यायचा. 2005 मध्ये ते बंद झालं. पुढे 2014 च्या विश्वचषकासाठी एक अब्ज ब्राझिलियन रियालहून जास्त खर्चून मैदान चकाचक केलं, तिकिटं महागली. आणि ऑलिंपिक संपून सहा महिने होत नाहीत तोच, 2017 च्या सुरुवातीला, तिथलं गवत वाळलेलं, खुर्च्या उखडलेल्या, वीज तोडलेली. इतका पैसा ओतून हे!

बायकांच्या सामन्याला लोक येत नाहीत, हे कारण आता कुणी सांगू नये. 2007 च्या पॅन अमेरिकन स्पर्धेत याच मैदानावर ब्राझीलने अमेरिकेला 5-0 हरवलं, तेव्हा 67 हजारांवर प्रेक्षक होते. साओ पावलोत 2023 आणि 2024 च्या महिला लीगच्या अंतिम सामन्यांना 40 हजारांहून जास्त लोक आले. तरी एरवी या मुलींना लहान मैदानांवरच खेळावं लागतं. विश्वचषकानंतर माराकानाच्या वेळापत्रकात त्यांच्या लीगच्या तारखा हव्यात, आणि त्या आत्ताच ठरवून जाहीर करायला हव्यात.

मांगेइराची गरीब वस्ती माराकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथल्या मुलींना परवडेल असं तिकीट ठेवा, जुन्या जेरालच्या भावात. मार्ताच्या पावलांचे ठसे माराकानात जपून ठेवलेत, तो मान मिळालेली ती पहिली बाई. त्या मुलींना ते ठसे सामन्याच्या दिवशी, आत जाऊन बघता आले पाहिजेत.