बम्प स्टॉकच्या लेखावरची तुमची कमेंट आणि माझं उत्तर

दादा, आधी थँक्यू, एवढं सविस्तर आजकाल कोण लिहितं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मी लेखात अमेरिकन बंदूकवाल्यांची वकिली केली, लास वेगासमध्ये गोळीबारात एवढी माणसं गेली तरी ह्या लोकांना एक प्लॅस्टिकचा तुकडा सोडवत नाही, आणि आपल्याकडे निवडणूक लागली की लायसनवाले मुकाट बंदूक पोलीस ठाण्यात जमा करतात ते जरा बघा म्हणावं.

त्या तुकड्याचं, म्हणजे रायफलच्या मागे दस्त्याच्या (स्टॉक) जागी लावतात त्या बम्प स्टॉकचं, मलाही काडीचं कौतुक नाही. रायफल त्या स्टॉकमध्ये मागे-पुढे सरकते, बोट जागेवरच राहतं, डाव्या हाताने पुढे रेटत राहिलं की धक्क्याने मागे आलेली रायफल परत पुढे जाऊन ट्रिगर आपणहून बोटावर आपटतो, आणि सेमी-ऑटोमॅटिकचा, म्हणजे एरवी दर वेळी ट्रिगर ओढला की एकच गोळी सुटणाऱ्या रायफलचा, आवाज जवळजवळ मशीनगनसारखा येतो. 1 ऑक्टोबर 2017 ला मँडले बे हॉटेलच्या 32व्या मजल्यावरून जे झालं ते असे स्टॉक लावूनच, दहा-अकरा मिनिटांत हजारावर गोळ्या. ह्यावर वाद नाहीच.

पण "हे लोक" म्हणजे नक्की कोण हो? इथे टेक्ससमध्ये राहून सांगतो, नेमबाजीच्या रेंजवर नियमित जाणारे बरेच जण त्याला खेळणंच म्हणतात, नेम लागत नाही, गोळ्यांचे पैसे मात्र उडतात, आणि कित्येक रेंजवर रॅपिड फायर चालतच नाही. एनआरए ह्या बंदूकवाल्यांच्या सगळ्यात मोठ्या संघटनेने तर घटनेनंतर चौथ्या दिवशी सांगितलं की अशा वस्तूंवर जास्त नियम हवेत. त्याच वेळी गन ओनर्स ऑफ अमेरिका ह्या त्यांच्याच दुसऱ्या संघटनेवाले ठाम विरोधात. म्हणजे घरातच भांडण.

मग चिडले कशावर? तर एटीएफ ह्या बंदुकांचे नियम बघणाऱ्या केंद्रीय खात्याने 2010 मध्ये स्वतःच कळवलं होतं की हा नुसता एक पार्ट आहे, ह्यावर कंट्रोल नाही. लोकांनी दुकानातून पावती घेऊन विकत घेतला. कायद्यातला एक शब्द बदलला नाही आणि ट्रम्प सरकारच्या काळात डिसेंबर 2018 ला तेच खातं म्हणतं ही मशीनगन आहे, 26 मार्च 2019 च्या आत तोडून टाका नाहीतर जमा करा, भरपाई शून्य, घरात सापडली तर दहा वर्षांपर्यंत तुरुंग. कुठे कुठे कापायचं त्याच्या आकृत्यासुद्धा दिल्या होत्या! खात्याच्याच अंदाजाने असे 2.8 ते 5.2 लाख नग लोकांकडे होते. फोर्ट वर्थच्या एका विक्रेत्याने 60 हजार नग श्रेडरमध्ये घातले. हरकती-सूचना मागवल्या तेव्हा 1 लाख 86 हजारांवर आल्या, त्यातल्या 1 लाख 19 हजार बंदीच्या बाजूने, म्हणजे बहुमत तुमचंच होतं बरं का.

गंमत बघा, खात्याला हा अधिकार नाही, संसदेने कायदा करावा, असं सिनेटर डायेन फाइनस्टाइन सांगत होत्या, ज्यांनी उभी हयात बंदुकांवर निर्बंध आणण्यात घालवली, आणि मुद्दा तोच घेऊन कोर्टात गेला कोण तर ऑस्टिनचा बंदूक दुकानदार मायकल कारगिल, आपले दोन स्टॉक आधी निमूट जमा करून. एनआरएने चेंडू खात्याकडे टोलवला तो काही भोळेपणाने नव्हे, खात्याने केलं की काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, मतदान टळतं. 14 जून 2024 ला सुप्रीम कोर्टाने 6 विरुद्ध 3 ने नियम उडवला, न्यायमूर्ती थॉमस यांच्या निकालात ट्रिगरच्या आतल्या भागांच्या आकृत्या आहेत, न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी कडक विरोध नोंदवला, आणि निकालाच्या बाजूच्या न्यायमूर्ती अलिटोंनी स्पष्ट लिहिलं की काँग्रेस कायदा बदलू शकते.

आणि इथे मात्र माझी बंदूकवाल्यांशी कट्टी. "कायद्याने करा, मग बघू" म्हणणाऱ्यांचेच सिनेटर, निकालानंतर चार दिवसांत डेमोक्रॅट सिनेटर शूमर यांनी बंदीचं बिल पुढे केलं तर नेब्रास्काच्या रिपब्लिकन रिकेट्सनी हरकत घेऊन तिथेच अडवलं. मग कायदा नेमका करायचा कुणी?

राहिलं आपलं निवडणुकीचं. जमा केलेली बंदूक निकालानंतर परत मिळते, करवतीने कापायला कोणी सांगत नाही. आणि मुकाट म्हणाल तर तसंही नाही, आपले लायसनवालेही मुंबई हायकोर्टात गेलेत, म्हणून तर सरसकट न मागता प्रत्येकाची केस तपासायला स्क्रीनिंग कमिटी असते.

बंदी येऊच शकत नाही असं मी कुठेच लिहिलेलं नाही, परत वाचा. फ्लोरिडा बघा, पार्कलँडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर मार्च 2018 मध्ये तिथल्या विधिमंडळाने बम्प स्टॉक बंद केले, सही रिपब्लिकन गव्हर्नर रिक स्कॉट यांची. एनआरए त्याच दिवशी त्या कायद्याविरुद्ध कोर्टात गेली, पण कशासाठी, तर बंदूक खरेदीचं वय 21 केलं म्हणून.