रॉयल दिसायचंय ना? मग सोसा

भाचीच्या प्री-वेडिंग शूटची थीम होती 'व्हिक्टोरियन रॉयल', म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं इंग्लंड. ऐन एप्रिलात, कर्जतला. भाड्याचा गाऊन, आत रिंगांचा पिंजरा, पोरगी गाडीत मावेना म्हणून पिंजरा टपावर बांधून नेला. दुपारभर तिला पाणी पिऊ दिलं नाही, कारण बाथरूमला जायचं तर गाऊन धरायला तीन जणी लागतात (त्यातली एक मी). नवरदेव लिननच्या शर्टात, हातात ताकाचा ग्लास. आणि फोटोग्राफर म्हणतो, "मावशी, त्या काळातल्या लेडीज रोज अशाच राहायच्या, काय ग्रेस होती, आपल्यालाच सवय नाही राहिली."

बरोबर आहे दादा. सवय करायला हवी. तर मैत्रिणींनो, टिप्स लिहून घ्या.

आधी कॉर्सेट. देवमाशाच्या तोंडातल्या पट्ट्या घालून शिवलेलं, पुढे छातीपासून पोटापर्यंत पोलादी पट्टी. त्यासाठी फासळ्या काढून टाकायच्या वगैरे जे ऐकता ती थाप आहे, तेवढ्या घाबरू नका. आणि हे काही फक्त राजवाड्यातलं नव्हतं हं, घरकाम करणाऱ्या मोलकरणीही कॉर्सेट घालायच्या. लादी पुसायची तीसुद्धा ग्रेसमध्ये.

मग घेर. आधी एकावर एक पाच-सहा परकर, त्यात घोड्याच्या केसांचं ताठ कापड. १८५६ च्या सुमाराला पोलादी कड्यांचा पिंजरा आला, क्रिनोलिन, तर बायका चक्क खूश झाल्या, कारण वजन कमी झालं आणि पाय मोकळे झाले. पिंजऱ्यात शिरून सुटल्यासारखं वाटलं म्हणजे त्याआधी काय असेल बघा.

बाथरूमची चिंता नको. त्यांच्या आतल्या चड्ड्या मधून उघड्याच शिवलेल्या असायच्या. एवढी अक्कल भाड्याच्या गाऊनवाल्याला नाही.

त्यांच्या झग्यांना खिसे असायचे. आपल्या कुर्तीला नसतात. यावर मी काही बोलणार नाही.

विस्तवापासून लांब राहा. म्हणजे शेकोटी, मेणबत्ती, गॅसचा दिवा, थोडक्यात घरातल्या प्रत्येक खोलीपासून. तलम कापड, खाली पिंजऱ्यात भरपूर हवा, एक ठिणगी पुरते. कवी लाँगफेलोची बायको फॅनी १८६१ मध्ये आपल्याच घरात कपडे पेटून गेली, विझवताना तोही भाजला. लेखक ऑस्कर वाइल्डच्या दोन सावत्र बहिणी १८७१ मध्ये आयर्लंडमध्ये एका पार्टीत गेल्या, एकीचा झगा पेटला, दुसरी वाचवायला धावली, तीही पेटली, दोघी मेल्या. पण दिसत छान असतील.

रंग हिरवा घ्या. फोटोत उठून दिसतो. त्या काळी फॅशनमधला हिरवा म्हणजे आर्सेनिक, चक्क विष. झग्यात, केसांत माळायच्या खोट्या पानाफुलांत, सगळीकडे. माळणारीला फार तर पुरळ यायचं, पण बनवणारीचं काय? लंडनमध्ये मटिल्डा शॉयरर नावाची १९ वर्षांची पोरगी खोट्या पानांवर ती हिरवी पूड लावायचं काम करायची, १८६१ मध्ये गेली, हिरव्या उलट्या करत. आणि झगा शिवणाऱ्या पोरी? १८६३ च्या जूनमध्ये प्रिन्सेस ऑफ वेल्ससाठी मोठा बॉल (नाचाचा समारंभ) होता, बड्या घरच्या बायकांचे झगे वेळेत हवेत, म्हणून लंडनच्या एका दुकानात साठेक मुली, एकेका खोलीत तीस-तीस, हवा नाही, सलग साडेसव्वीस तास शिवत बसल्या होत्या, त्यातली मेरी ॲन वॉकली, वय वीस, शुक्रवारी आजारी पडली आणि रविवारी मेली. मालकिणीला आश्चर्य कशाचं वाटलं तर हातातला झगा पुरा न करताच मेली याचं! ही तुमची ग्रेस. हे तुमचं रॉयल. फोटोत ही पोरगी कुठे उभी करताय, उजवीकडे का डावीकडे?

असो. टिप्स चालल्यात.

नवरा गेला तर पहिलं वर्षभर खरखरीत काळं क्रेपचं कापड. बायको गेली तर टोपीला काळी पट्टी.

शूट संपल्यावर नवरदेवाचे काका हसत म्हणाले, "अहो, सोसायची हौस बायकांनाच!" इथे माझ्या टिप्स संपल्या.

हौस? अहो काका, तेव्हाच्या इंग्लंडात लग्न झालेल्या बाईच्या अंगावरचा झगासुद्धा कायद्याने नवऱ्याचा होता, १८८२ चा कायदा येईपर्यंत बाईला स्वतःची म्हणावी अशी मालमत्ता धड नव्हती. झगा त्याचा, त्याचा मोठेपणा मिरवायला ती, आणि घेरावर व्यंगचित्रं काढून वर्षानुवर्षं हसणारे 'पंच' या विनोदी साप्ताहिकवालेही पुरुषच. बायका गप्प बसल्या होत्या असंही नाही. १८८१ मध्ये लंडनमध्ये बायकांनीच रॅशनल ड्रेस सोसायटी काढली, आणि त्यांचं म्हणणं काय होतं माहितीये? आतल्या कपड्यांचं एकूण वजन सात पौंडांच्या वर नको. सात पौंड म्हणजे तीन किलोच्या वर! फक्त आतले! एवढं मागितलं तरी त्यांची टिंगलच झाली, हे तुमच्यासारखेच काका करत होते. आणि फोटोग्राफर दादा, तुम्हाला त्या काळाबद्दल काडीचं माहीत नाही, तहानलेल्या पोरीला ग्रेस शिकवू नका, गप फोटो काढा आणि पैसे घ्या.