दहापैकी साडेचार

काल संध्याकाळी वर्तकनगरमधल्या आमच्या सोसायटीच्या कार्यालयात, पाण्याच्या पंपाच्या घरघरीत, मला मुलाखतीत दहापैकी साडेचार गुण मिळाले. खरी मुलाखत गुरुवारी खारघरला आहे. नर्स म्हणून नऊ वर्षे हाडांच्या वॉर्डात काढल्यावर आता कर्करोग विभागात जावे असे मी ठरवले, आणि ती बातमी आईने लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना सांगितली. काका बँकेतून निवृत्त झालेले. "तालीम मी घेतो," म्हणाले.

पनवेल लोकलमध्ये बसून भरलेली माझी वही त्यांनी ताब्यात घेतली आणि चष्मा नाकावर ओढून विचारले, "मोठ्या दुखण्याच्या विभागात का जायचे आहे?" कर्करोग हा शब्द त्यांनी तासाभरात एकदाही उच्चारला नाही, गुणपत्रिकेवरसुद्धा 'मो. दु. विभाग' असेच लिहिले.

"केमोचे औषध शिरेबाहेर झिरपले तर?"

मी सांगितले की औषध तत्काळ थांबवायचे, पण सुई लगेच काढायची नाही, कारण तिच्यातूनच आत राहिलेले औषध शक्य तितके ओढून घ्यायचे असते. मग डॉक्टरांना कळवायचे, आणि डॉक्सोरुबिसिन असेल तर गार शेक, व्हिन्क्रिस्टिन असेल तर गरम.

"गार की गरम, एक काहीतरी सांग. उमेदवार गोंधळलेला दिसता कामा नये." अर्धा गुण गेला.

पुढे तापाचा प्रश्न आला. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 500 च्या खाली गेलेल्या रुग्णाला 38.3 सेल्सिअस, म्हणजे 101 फॅरनहाइट ताप आला तर तासाभराच्या आत प्रतिजैविकाचा पहिला डोस जायला हवा, असे मी म्हणाले. काका हसले. "एकशे एकला आमच्याकडे क्रोसिन देतात." ज्या रुग्णाच्या अंगात जंतूंशी लढायला पेशीच उरलेल्या नाहीत, त्याचा ताप क्रोसिनने नुसता झाकून ठेवणे किती महागात पडेल, हे मी समजावू लागले, तेव्हा 'वाद घालते' या सदराखाली आणखी एक गुण कापला गेला. उरलेले चार गुण कशाचे गेले, ते मला अजून कळलेले नाही. बहुधा मी साडी नेसले नव्हते त्याचे असावेत.

मला खरा राग आला तो नंतरच्या वाक्याचा. "एवढे सगळे पाठ करण्यापेक्षा तेव्हाच डॉक्टर व्हायचे होतेस." रात्रपाळीत त्या सुईशेजारी डॉक्टर बसलेले नसतात, मी बसलेली असते, आणि हात लालबुंद झाल्याचे प्रथम मलाच दिसणार असते. शिवाय जाहिरातीत कर्करोग विभागाचाच दोन वर्षांचा अनुभव मागितला आहे, आणि त्या विभागात कोणी घेतल्याशिवाय तो मिळणार कुठून, हा प्रश्न काकांच्या यादीत नव्हता.

वही परत देताना त्यांनी आवाज खाली आणला, डाव्या पायाची पँट गुडघ्यापर्यंत वर सरकवली आणि विचारले, "जिना चढताना हा फार ठणकतो गं. गरम शेकू की गार?"

"एक काहीतरी सांगू ना, काका?" मी म्हटले.