टीएक्सआर काकांच्या कमेंटला उत्तर: हायड्रो टेस्ट, दहा वर्षं आणि माहुल

काका, नमस्कार. काका म्हणते कारण तुम्ही सुरुवातच "आमच्या काळी"ने केलीत आणि खाली नावाऐवजी "एक रिटायर्ड टीएक्सआर" (ट्रेन एक्झामिनर, म्हणजे गाड्यांचे डबे तपासणारा रेल्वेचा माणूस) एवढंच लिहिलंत. कमेंट रात्री पावणेबाराला आली आणि मी ती झोपायच्या आधी वाचली, मग काय, दीड वाजेपर्यंत छताकडे बघत पडले. दोन ओळीत भागण्यासारखं नव्हतं म्हणून वेगळं लिहितेय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. गेल्या आठवड्यात मी अमेरिकेत रेल्वेच्या टँक वॅगन कुठल्या नियमाने तपासतात यावर लिहिलं होतं, म्हणजे ते लांबुळके गोल टाके, ज्यात क्रूड, पेट्रोल, क्लोरीन असलं सगळं जातं. त्यावर काकांचं म्हणणं (शब्द माझे, त्यांचे जास्त तिखट होते) असं की अमेरिकावाल्यांनी पाणी भरून प्रेशर द्यायची टेस्ट, म्हणजे हायड्रो, काढून टाकली, आता दहा दहा वर्षं टाकीकडे ढुंकून बघत नाहीत, म्हणून ओहायोत २०२३ मध्ये गाडी घसरून तो भडका उडाला, आणि मुंबईत बसून त्यांच्या नियमांची आरती ओवाळण्यापेक्षा आपल्या चेंबूरजवळच्या माहुलकडे, तिथल्या रिफायनऱ्यांकडे बघा. शिवाय, "सरकारी इन्स्पेक्टर टाकी तपासतो हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

शेवटचं आधी घेते कारण तिथे तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. मी चुकीचं लिहिलं होतं. टाकी तपासून घ्यायची जबाबदारी मालकाची, आणि तिकडे मालक म्हणजे बहुतेक वेळा रेल्वे कंपनी नसतेच, टाक्या असतात केमिकलवाल्यांच्या नाहीतर भाड्याने देणाऱ्या लीजिंग कंपन्यांच्या, रेल्वे फक्त ओढते. मालक ती टाकी मान्यता असलेल्या वर्कशॉपला पाठवतो, ते तपासतं, आणि पास झाली की टाकीच्या अंगावरच तपासणीचं वर्ष आणि पुढचं ड्यू वर्ष रंगवतं. ड्यू उलटून गेलेली रिकामी टाकी भरायची नाही, हा नियम आहे. आधीच भरलेली असेल तर पोचवून रिकामी करायची मुभा आहे, पण पुन्हा भरणं नाही. सरकारकडून फेडरल रेलरोड अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचे इन्स्पेक्टर यार्डात, वर्कशॉपात जाऊन नमुन्यादाखल बघतात, कागद बघतात, दंड लावतात. प्रत्येक टाकीवर हात फिरवत नाहीत. तो परिच्छेद मी दुरुस्त केलाय, खाली तुमचे आभार पण टाकलेत.

आता हायड्रो टेस्ट. इथे मात्र मी भांडणार.

तुम्ही लिहिलंत, "टाकीत पाणी भरून प्रेशर दिलं आणि गळली नाही तर टाकी चांगली, याहून खरी टेस्ट नाही." काका, माझं पोट याच धंद्यावर आहे, वेल्ड तपासायचं काम करते मी, रेल्वेचं नाही, केमिकल प्लांटच्या व्हेसलचं, म्हणजे प्रेशर घेणाऱ्या टाक्यांचं. तळोज्याच्या एका वर्कशॉपातली गोष्ट सांगते, नाव विचारू नका. एका आडव्या व्हेसलची हायड्रो झाली, गेजचा काटा अर्धा तास जागचा हलला नाही, क्लायंटच्या माणसाने सही ठोकली, वर सगळ्यांचा चहा झाला. दुसऱ्या दिवशी सॅडलच्या (टाकी ज्यावर टेकते त्या आधाराच्या) वेल्डवर डीपी मारायची होती. खरं तर ती आधी मारायची असते पण डिस्पॅचच्या घाईत सगळं उलटसुलट झालेलं. डीपी म्हणजे डाय पेनिट्रंट, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वेल्ड घासून पुसून लख्ख करायचा, त्यावर लाल डाय मारायचा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा, मग कपड्याने पुसून काढायचा, एवढा की लाल काही दिसताच कामा नये, आणि वर पांढरा डेव्हलपर मारायचा, खडूच्या भुकटीसारखा. मग गुडघ्यावर बसून बघत राहायचं. मिनिटभर काही नाही. हेल्पर म्हणाला सुद्धा, मॅडम क्लिअर आहे. आणि मग वेल्डच्या काठाला, बरोबर जिथे वेल्ड संपून प्लेट चालू होते तिथे, एक लाल केस उगवला. अगदी केस. बघता बघता पाझरून जाड झाला, पट्टी लावली तर चार सेंटीमीटर भरला. आदल्या दिवशी याच व्हेसलने कामाच्या प्रेशरपेक्षा जास्त प्रेशर घेऊन एक थेंब सोडला नव्हता.

कारण हायड्रो एवढंच विचारते की आज, आत्ता, या प्रेशरला तू गळतोस का. चीर प्लेटच्या आरपार गेली नसेल तर टाकी सरळ "नाही" म्हणते आणि खोटंही बोलत नसते. आणि टँक वॅगनमध्ये तर आणखी एक भानगड आहे. अमेरिकेतल्या बहुतेक टाक्यांना खाली आरपार चासी नसते, दोन्ही टोकांना सिलचा, म्हणजे खालच्या तुळईचा, आखूड तुकडा वेल्ड केलेला असतो आणि मधे टाकी हीच चासी (आपल्याकडे बीटीएफएलएन ही बिनचासीची टँक वॅगन आहेच, तुम्हाला मी काय सांगणार), म्हणजे पुढून इंजिन ओढतं, मागून शंभर डबे लोंबकळतात, आणि प्रत्येक झटका, प्रत्येक धक्का त्या वेल्डमधून टाकीच्या पोटात शिरतो. चीर जाते ती त्या झटक्यांनी, वर्षानुवर्षं, त्या सिलच्या वेल्डपाशी. आतून पाण्याचं प्रेशर देऊन तिथे तो ताण येतच नाही. कुकरचं बघा ना. शिट्टी होते, डाळ शिजते, म्हणजे कुकर चांगला. पण हँडल जिथे बसतं तिथे चीर गेली असेल तर ते शिट्टीला कळत नाही, भरलेला कुकर ओट्यावरून उचलताना कळतं.

म्हणून १९९५ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्याने नियम बदलला. ठराविक वर्षांनी हायड्रो करायची अट काढली आणि त्या जागी सांगितलं की टाकी आतून-बाहेरून डोळ्यांनी बघा, प्लेटची जाडी मोजा, व्हॉल्व आणि फिटिंग तपासा, लायनिंग असेल तर तेही, आणि ठरलेल्या वेल्डवर डीपी, अल्ट्रासॉनिक, मॅग्नेटिक, रेडिओग्राफी यातलं जे लागू पडेल ते करा. गळतीची टेस्ट आहेच वर. नवीन टाकी बनते तेव्हा हायड्रो होतेच, ती कुठे गेलेली नाही. तेव्हा "टेस्ट काढून टाकली" हे अर्धंच झालं. टाकी गळते का हे विचारायच्या ऐवजी ती कुठे फाटणार आहे हे शोधा, असं सांगितलं. माझ्या मते गेल्या तीस वर्षांत त्या खात्याने केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच, आणि पेपरात त्याची दोन ओळींची बातमी सुद्धा आली नसणार.

दहा वर्षांच्या बाबतीत तुमची चिडचिड मला समजते. १० वर्षं ही कमाल मर्यादा आहे. लायनिंग नसलेल्या टाकीत प्लेट खाणारं केमिकल असेल तर जाडी किती वेगाने कमी होतेय त्यावरून मधली मुदत काढावी लागते, ती कमी निघते. कागदावर ठीक आहे. पण कमाल लिहिलं की मालक तीच मुदत धरून चालणार, हे आपण दोघं पण ओळखून आहोत. आणि तसंही रोजची छोटी गळती टाकी फुटून होत नाही, ती होते वर मॅनहोलचा बोल्ट ढिला राहिल्यामुळे, गॅस्केट वाकडी बसल्यामुळे. ते दहा वर्षांच्या तपासणीचं काम नाही, ते भरणाऱ्याने प्रत्येक फेरीच्या आधी बघायचं आहे, नियमात तसं आहे पण. संध्याकाळी सहा वाजता, शिफ्ट संपताना, पावसात, एकेक बोल्ट कोण पाना लावून बघतो हा प्रश्न तिकडेही तेवढाच आहे.

आता ओहायो. काका, इथे तुम्ही स्वतःच्याच पोस्टात गोल मारलाय.

ईस्ट पॅलेस्टाइन, ३ फेब्रुवारी २०२३. ३८ डबे घसरले, त्यातल्या ११ मध्ये धोकादायक माल. पण सुरुवात टाकीपासून झालीच नाही. प्लास्टिकचे दाणे भरलेला एक साधा हॉपर डबा (खालून माल सोडायचा डबा) होता, त्याच्या चाकाच्या अ‍ॅक्सलचं बेअरिंग तापलं. हॉट अ‍ॅक्सल! वाटेत रुळाकाठी तापमान मोजणारी यंत्रं होती. एकाने बाहेरच्या हवेपेक्षा ३८ डिग्री फॅरनहाइट जास्त दाखवलं, पुढच्याने १०३, तरी गाडी थांबवायच्या आकड्याच्या खालीच, आणि त्याच्या पुढचं यंत्र थेट १९ मैलांवर. १९ मैल म्हणजे जवळपास सीएसएमटी ते ठाणे हो. तिथे आकडा आला २५३, ड्रायव्हरला अलार्म गेला, त्याने ब्रेक लावले, तोवर अ‍ॅक्सल गेलेला. आणि ही यंत्रं किती अंतरावर असावीत, किती आकड्याला गाडी थांबवावी, याचा केंद्रीय नियम तेव्हा नव्हताच, प्रत्येक कंपनी आपापलं ठरवणार.

हे वाचून मला तुमचीच जमात आठवली. गाडी यार्डात शिरताना दोन्ही बाजूंना उभं राहून चाकांचा आवाज ऐकणारे, अ‍ॅक्सल बॉक्सला हात लावून बघणारे, वास घेणारे. आपल्याकडे छोट्या स्टेशनवर मालगाडी धडधडत जाते तेव्हा स्टेशन मास्तर हिरवा झेंडा घेऊन उभा असतो, लोकांना वाटतं नुसती सलामी चाललीय, पण तो अख्खी गाडी नजरेखालून घालत असतो. म्हणजे ओहायोत जे निसटलं ते टीएक्सआरचं काम होतं. टाकीची कितीही हायड्रो केली असती तरी शेजारच्या हॉपरचं बेअरिंग थंड झालं नसतं.

टाक्यांचा दोष मात्र पुढे आहे, आणि तो तपासणीचा नाही. घसरल्यावर तीन टाक्या फुटल्या, तिन्ही जुन्या डॉट-१११ जातीच्या, पातळ पत्र्याच्या. त्यातलं जळणारं द्रव पेटलं आणि त्या आगीने बाजूच्या विनाइल क्लोराइडच्या पाच टाक्या तापवल्या. त्या पाच भक्कम होत्या, घसरताना फुटल्या नाहीत. पण त्यांचा स्फोट होईल या भीतीने तीन दिवसांनी त्या मुद्दाम फोडून जाळल्या, आकाशात तो काळा खांब सगळ्या जगाने बघितला. नंतर चौकशीत निघालं की जाळायची गरजच नव्हती. आणि त्या डॉट-१११ बेकायदा होत्या का? नाही. कॅनडात लॅक-मेगँटिकला जुलै २०१३ मध्ये क्रूडची उभी केलेली गाडी रात्री उतारावरून सुटली, गावात घुसली, ४७ माणसं गेली, तिथेही डॉट-१११ च होत्या. त्यानंतर २०१५ मध्ये नवी जाड टाकी आली, डॉट-११७, पत्रा ७/१६ इंचाचा ९/१६ केला, दोन्ही टोकांना पूर्ण उंचीची ढाल, उष्णतेपासून संरक्षण. पण जुन्या टाक्या काढायला टप्पे दिलेत, आधी क्रूड, मग इथेनॉल, आणि काही जळणाऱ्या द्रवांसाठी चक्क २०२९ पर्यंत. आरती ओवाळते म्हणालात ना, तर घ्या, यावर मी शिव्या घालायला तयार आहे. तपासणीत पास झालेली पातळ टाकी पातळच राहते.

राहिलं माहुल. मी चेंबूरचीच आहे काका, लहानपणापासून कुर्ल्याहून ट्रॉम्ब्याकडे जाणाऱ्या त्या मालगाडीच्या लाइनच्या आवाजात झोपलेय. इथे १९५४-५५ पासून दोन रिफायनऱ्या आहेत, पलीकडे खताचा कारखाना, वीज केंद्र. आता बराच माल पाइपलाइनने मनमाडला जातो आणि पुढच्या रेक (अख्ख्या मालगाड्या) मनमाडजवळ पानेवाडीला भरतात हे खरं, पण म्हणून विषय संपत नाही, जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत तिरुवळ्ळूरजवळ डिझेलच्या गाडीच्या अठरा वॅगन पेटल्या होत्या, नशीब की कोणी गेलं नाही.

आपल्याकडचा फरक मला एकाच ठिकाणी खुपतो. तिकडे मालक वेगळा, ओढणारा वेगळा, तपासणारा वेगळा, नियम करणारा वेगळा, त्यामुळे एकमेकांवर ढकलाढकली भरपूर पण निदान ढकलायला कोणीतरी समोर असतं. आपल्याकडे बहुतेक वॅगन रेल्वेच्या, ओढणार रेल्वे, पीओएच (ठराविक काळाने होणारी मोठी दुरुस्ती) रेल्वेच्या वर्कशॉपात, डिझाइन लखनौच्या आरडीएसओ या संशोधन संस्थेचं, ते पण रेल्वेचंच. धोकादायक मालाच्या नियमांचं पुस्तक, रेड टॅरिफ, तोही रेल्वेचा. बाहेरचा म्हणावा असा एक रेल्वे सुरक्षा आयुक्त, ज्यांचं खातं १९४१ पासून मुद्दाम रेल्वे बोर्डाबाहेर ठेवलंय, आज ते विमानवाल्या मंत्रालयाखाली बसतं, पण त्यांचा मुख्य भर पॅसेंजरवर. याचा अर्थ आपले लोक काम करत नाहीत असा अजिबात काढू नका. तुमच्यासारखी माणसं बघितलीत मी. पण चांगला टीएक्सआर रिटायर झाला की त्याच्या हातातलं कुठे जातं?

म्हणून आता माझाच प्रश्न. तुम्ही लिहिलंत की सर्व्हिसमध्ये असताना टाकीत उतरलेला आहात, वाफेने टाकी धुऊन, आत गॅस नाही असं सर्टिफिकेट हातात घेऊन. बीटीपीएनवर, म्हणजे आपल्या पेट्रोल-डिझेलच्या टँक वॅगनवर, तुम्हाला चिरा नेमक्या कुठे सापडायच्या? सॅडलला, की खालच्या डिस्चार्ज व्हॉल्वच्या गळ्याशी, की आणखी कुठे? माझा अंदाज सॅडल, पण मी बीटीपीएनच्या आत कधी गेलेली नाही. आणि पत्र्यावर पीओएच आणि रिटर्न डेट (पुढच्या पीओएचला परत यायची तारीख) रंगवलेली असते ती परवा मी पुलावरून वाचायचा प्रयत्न केला, पन्नासेक वॅगनपैकी चारच वाचता आल्या, बाकी सगळ्यांवर तेलाचे ओघळ. फोटो काढणार होते, तेवढ्यात आरपीएफवाला वर बघायला लागला आणि मी आपली भाजी घेऊन घरी आले.