चूक तुमची नव्हती ना? मग भोगा

लाल दिव्यापाशी निमूटपणे थांबलेल्या माझ्या गाडीवर काही आठवड्यांपूर्वी मागून एक व्हॅन येऊन आदळली. चालकाने तिथल्या तिथे चूक कबूल केली, त्याच्या विमा कंपनीनेही ती लेखी मान्य केली, आणि माझ्या अडचणींना खरा प्रारंभ झाला तो त्यानंतर. ब्रिटनमध्ये गाडी चालवणाऱ्या आणि अद्याप कोणी न ठोकलेल्या वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून स्वखर्चाने मिळवलेले हे ज्ञान येथे विनामूल्य देत आहे.

पहिली सूचना अशी की, अपघात शक्यतो स्वतःच्याच चुकीने करावा. त्यात निदान आपण कशाची शिक्षा भोगत आहोत, हे तरी माणसाला ठाऊक असते.

पॉलिसी घेताना गाडीची किंमत विचारणारा एक रकाना असतो, तो अत्यंत मनापासून भरावा. चार ठिकाणी चौकशी करावी, प्रामाणिक आकडा लिहावा आणि समाधानाने झोपावे. त्या आकड्याला कमाल मर्यादेपलीकडे काही अर्थ नाही आणि प्रत्यक्षात मिळतो तो ‘बाजारभाव’, हे गाडीचा चेंदामेंदा झाल्यावर आपल्याला सांगितले जाते. बाजारभाव म्हणजे अपघाताच्या क्षणाआधी त्याच बनावटीची, तेवढ्याच वयाची, तेवढीच चाललेली आणि त्याच स्थितीतली गाडी घ्यायला जो खर्च आला असता तो. ही व्याख्या इतकी न्याय्य आहे की, ती लिहिणाऱ्याला दाव्यांच्या विभागात कोणी फिरकू दिले नसावे.

गाडी ‘राइट-ऑफ’ झाली, म्हणजे कंपनीने ती दुरुस्त न करता निकालात काढली, असे कळल्यावर शोक करू नये. ऑक्टोबर 2017 पासून येथे अशा गाड्यांचे ए, बी, एस आणि एन असे चार वर्ग आहेत. पहिले दोन पुन्हा रस्त्यावर येऊ शकत नाहीत, एसमध्ये सांगाड्याला इजा झालेली असते, तर एनमध्ये ती नसते. माझी गाडी एस वर्गात उत्तीर्ण झाली. तिला प्रत्यक्ष हात न लावता केवळ छायाचित्रांवरून हा निकाल लावणाऱ्या अभियंत्याच्या दिव्यदृष्टीला माझा नमस्कार.

समोरच्याच्या विमा कंपनीचा गोड फोन सर्वांत आधी येईल, तेव्हा अवश्य भुलावे. मी भुललो. ‘आमच्याकडूनच थेट दावा करा, एक्सेस (दाव्यातला आपण स्वतः सोसायचा वाटा) भरावी लागणार नाही, नो-क्लेम बोनसला धक्का लागणार नाही,’ असे फोनवरची बाई म्हणाली, आणि त्यात खोटे काहीच नव्हते. त्यांनी देऊ केलेल्या किमतीबद्दल मी तक्रार केली, तेव्हा मात्र ‘तुम्ही आमचे ग्राहक नाही’ एवढे एका ओळीचे उत्तर आले. फायनान्शियल ओंबुड्समन सर्व्हिस ही विनामूल्य तक्रार सोडवणारी संस्था ग्राहकाची त्याच्या स्वतःच्या विमा कंपनीविरुद्धची गाऱ्हाणी ऐकते. समोरच्याच्या कंपनीविरुद्ध तिच्याकडे जाता येत नाही. म्हणजे ज्याने ठोकले त्याच्या कंपनीशी भांडायचे तर न्यायालय गाठा, नाहीतर मुकाट्याने आपल्या कंपनीकडे परत या. मी परत आलो.

महिन्यापूर्वी बसवलेल्या चार नव्या टायरांची पावती जपून ठेवावी. तिची मागची बाजू कोरी असते.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना, पुराव्यांविषयी. कंपनीने सांगितलेल्या रकमेत आपल्यासारखी गाडी मिळत नाही, असे वाटल्यास तशाच गाड्यांच्या विक्रीच्या जाहिराती पुरावा म्हणून पाठवाव्यात. मी दोन रात्री जागून 9 जाहिराती जमवल्या, प्रत्येकीत गाडीचे वय, अंतर, गिअरबॉक्स आणि सेवा-नोंदी यांच्याखाली लाल रेघ मारली आणि व्यवस्थित क्रमांक घालून त्या पाठवल्या. पहिल्या तीन बाद झाल्या, कारण ती विक्रेत्याने मागितलेली किंमत होती, मिळालेली नव्हे. चौथी व्यापाऱ्याची होती आणि व्यापारी वॉरंटी देतो म्हणून महाग लावतो. पाचवी खासगी मालकाची होती आणि खासगी मालकाचा काय भरवसा! सहावी गाडी फार लांबच्या गावी होती. सातवी माझ्यापेक्षा कमी चालली होती, म्हणून तुलना अयोग्य. आठवी माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त चालली होती आणि तरीही त्यांच्या आकड्याहून महाग होती, पण तुलना तीही अयोग्यच, कारण अंतर जुळत नव्हते. नववीबद्दल कोणी काही बोललेच नाही. मग त्यांनी स्वतःच्या दोन जाहिराती पाठवल्या. एक माझ्या मॉडेलच्या सर्वांत स्वस्त प्रकाराची होती, आणि दुसरी गाडी एन वर्गात एकदा राइट-ऑफ होऊन दुरुस्त झालेली होती, हे त्याच जाहिरातीत तिसऱ्या ओळीत ठळक अक्षरांत छापले होते. अहो, भंगाराच्या दारातून परत आलेली गाडी माझ्या धडधाकट गाडीची जुळी बहीण म्हणून दाखवताना ती तिसरी ओळ वाचण्याइतके तरी कष्ट घ्यायचे होते! तुमची किंमत कोणत्या दर-मार्गदर्शिकेतून आली, असे मी विचारले, तर ती माहिती व्यापारी गोपनीय असल्याचे उत्तर आले. अशा मार्गदर्शिका अनेक आहेत, आणि त्यांतला सर्वांत वरचा आकडा का लागू नये, हे भक्कम पुराव्यासह कंपनीने दाखवावे अशी ओंबुड्समनची अपेक्षा असते. म्हणजे सिद्ध करण्याचे ओझे कंपनीवर. आणि रात्री जागत होतो मी.

यावर कळस चढला तो ‘अपघातपूर्व स्थिती’ या नावाखालील कपातीने. माझ्या मागच्या बंपरवर पूर्वीचा एक ओरखडा होता म्हणे. व्हॅनने ज्या बंपरचे तुकडे रस्त्यावर पसरले, आणि जे मी स्वतः गोळा करून कडेला लावले, त्या बंपरवरचा ओरखडा यांना छायाचित्रात दिसला आणि त्याचे पैसे वजा झाले!

तात्पुरती दिलेली गाडी किमतीचा प्रस्ताव आल्यानंतर काही दिवसांतच परत मागतात; तेव्हा पायी चालण्याचे फायदे आठवावेत.

प्रस्तावातून आणखी काय वजा होते, तेही हसतमुखाने पाहावे. एक्सेस वजा होते. ती आपण आधी सोसायची आणि मग दोषी पक्षाकडून वसूल करायची. वर्षाचे उरलेले हप्तेही वजा होतात, म्हणजे जी गाडी उरलीच नाही तिच्या विम्याचे पैसे आपण भरतो. गाडी कर्जावर असेल तर पहिला हात कर्ज देणाऱ्याचा. उरलेल्या रकमेत ‘तशीच’ गाडी घेऊन दाखवावी, असे मी दाव्यांच्या विभागप्रमुखाला नम्रपणे सुचवले होते.

पुरे झाली थट्टा. विमा कंपन्यांनी गाड्यांच्या रास्त बाजारभावापेक्षा कमी रक्कम देऊ करू नये, असा इशारा फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटी या नियामक संस्थेने डिसेंबर 2022 मध्ये दिला होता. म्हणजे हे माझे एकट्याचे दुखणे नाही आणि कोणा एका कारकुनाची गफलतही नाही. विमा कंपन्यांनो, माणूस दमतो, त्याला कामावर जायचे असते, मुलांना सोडायचे असते, गाडी आजच हवी असते, हे तुम्हाला पक्के ठाऊक आहे आणि पहिला आकडा तुम्ही त्या दमण्यावर बेतता. याला मूल्यांकन म्हणू नका. आणि वाचकहो, तुम्हीही ऐका. फोनवर ‘ठीक आहे’ म्हणून मोकळे होता ना, तिथेच यांचे फावते. वाद नसलेली रक्कम घ्या, पण ती अंतिम तडजोड म्हणून स्वीकारत नाही, असे लिहून कळवा. तक्रार लेखी करा. 8 आठवड्यांत अंतिम उत्तर आले नाही तर ओंबुड्समनकडे जा. आले आणि पटले नाही, तर ते आल्यापासून 6 महिन्यांच्या आत जा.

मी तिसऱ्या पत्रात ओंबुड्समनचे नाव घातले, आणि चौथ्या दिवशी वाढीव रकमेचे पत्र आले. गाडी तीच होती, मार्गदर्शिका त्याच होत्या, माझ्या जाहिरातीही त्याच 9 होत्या. ओरखडासुद्धा गायब झाला होता. आकडा का बदलला, याबद्दल त्या पत्रात एक अक्षर नाही, दिलगिरी नाही, आणि माझी एक्सेस अजून परत आलेली नाही.